गच्चीवरचं कूट

आमच्या धाकट्याला दाण्याचं कूट खायला गच्चीवर जावं लागतं. थोरली शाळेच्या बसमध्ये चढली की मी त्याला कडेवर घेतो. एका हातात स्टीलची डबी, खांद्यावर जुना पंचा. आम्ही दोघं पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसतो आणि कुस्करलेल्या केळ्यात कालवलेलं कूट तो मिटक्या मारत खातो. मग टाकीच्या नळाखाली साबणाने हात-तोंड धुणं, अंगातला शर्ट बदलणं, डबी-चमचा तिथेच घासून कोपऱ्यातल्या खोक्यात ठेवणं. पावसाळ्यात हाच कार्यक्रम तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात होतो. आमच्या वॉचमनकाकांना सुरुवातीला वाटायचं, घरात भांडण झालं की मी पोराला घेऊन वर जाऊन बसतो. एकदा त्यांनी मला अगदी जवळ बसवून, 'होतं साहेब संसारात' म्हणून समजावलंही.

प्रकरण असं आहे. थोरली सहा वर्षांची, तिला शेंगदाण्याची ॲलर्जी. धाकटा दोन वर्षांचा होईल, त्याला दुधाची. आणि धाकट्याला पुढे शेंगदाण्याची होऊ नये म्हणून त्याने शेंगदाणे नेमाने खात राहायचे, असं डॉक्टरांचं सांगणं. म्हणजे एकीला जे विष, ते दुसऱ्याला औषध, आणि दोघांचा पत्ता एकच. हे नातेवाइकांना फोनवर सांगून बघा. तिसऱ्या वाक्याला पलीकडून 'बरं, तब्येती बऱ्या आहेत ना?' असं येतं.

त्यात मी सोलापूरचा. सोलापूरबाहेरच्यांना शेंगाचटणी म्हणजे जेवणातलं तोंडीलावणं वाटतं. आमच्याकडे कडक भाकरी, चटणी, दही एवढ्यावर जेवण होतं. तेल सुटेपर्यंत कुटलेली, बोटांना लागली की चाटल्याशिवाय जात नाही अशी ती चटणी. शिवाय धपाट्यांबरोबर तीच, भरल्या वांग्यात कूट, पालेभाजीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, सणाला शेंगापोळी. आम्ही भाजीत कूट घालत नाही, कुटात भाजी घालतो. बायको रत्नागिरीची. लग्नाच्या पहिल्या वर्षी आमच्यात खरी भांडणं झाली ती पैशावरून नाही, उसळीत कूट की ओलं खोबरं यावरून. मी जिंकत आलो होतो. थोरलीच्या ॲलर्जीने एका रात्रीत कोकणचं राज्य आलं. सासूबाई चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत, पण दर महिन्याला येणाऱ्या नारळांच्या पोत्यावरून कळतं.

ती रात्र सोलापुरातलीच. थोरली दीड वर्षाची होती, मे महिना होता. आईने भाकरीचा पापुद्रा दह्यात भिजवून, त्याला नखभर चटणी लावून तिला भरवली. दाणे पचायला जड, खोकला होतो, म्हणून तोवर कुणी दिले नव्हते. पाचएक मिनिटांत ओठ सुजले, गळ्यावर आणि पोटावर गांधी उठल्या. आई म्हणाली, 'पित्त उठलंय, आमसूल भिजत घाल.' तिच्या जागी कुणीही तेच म्हणालं असतं, आमच्या लहानपणी आम्हा भावंडांना पित्त उठलं की अंगाला आमसुलाचं पाणीच चोळायचे. पण मग पोरीने उलटी केली, आणि खोकायला लागली. साधा खोकला नव्हे, घशात काही अडकल्यासारखा, घोगरा. बायकोने आमसुलाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, रिक्षा बघ.

दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरने ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं, स्टिरॉइडचं दिलं, आणि थांबून बघू म्हणाला. पोरगी निपचित पडत चाललेली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एक ज्येष्ठ डॉक्टरीणबाई आल्या, एकदा तिच्याकडे बघितलं आणि ॲड्रेनालिन मागवलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. काही मिनिटांत तिच्या गालाला रंग आला आणि ती रडायला लागली. पुढे पुण्यात आमच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांनी सांगितलं, क्रम उलटा हवा होता. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे ॲलर्जीच्या अशा जिवावर बेतणाऱ्या झटक्यात, आधी ॲड्रेनालिन, बाकी सगळं नंतर. सेट्रिझिनसारख्या गोळ्या-औषधांनी खाज आणि गांधी कमी होतात, पण बंद होत चाललेली श्वासनळी किंवा घसरणारं ब्लडप्रेशर त्यांच्याने सावरत नाही. आणि एकदा बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबायचं, कारण काहींना तोच झटका थोड्या वेळाने पुन्हा येतो.

चाचणी पुण्यात झाली. आधी आठवडाभर ॲलर्जीची सगळी औषधं बंद. मग तिच्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेपाशी एक थेंब टाकला आणि थेंबातून हलकंच टोचलं. रक्त येत नाही, चिमटा काढल्यासारखं होतं इतकंच. एक थेंब नुसत्या सलाइनचा, त्याने काहीच व्हायला नको. एक हिस्टामाइनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीर स्वतःच सोडतं त्या रसायनाचा, त्याने फोड यायलाच हवा, म्हणजे चाचणी बरोबर चालली आहे हे कळतं. पंधरा मिनिटं तिला गाडीचे व्हिडिओ दाखवत बसवलं. हिस्टामाइनपाशी डास चावल्याएवढा फोड आला. शेंगदाण्यापाशी आला तो त्याच्याहून मोठा, वेड्यावाकड्या कडांचा, पाय फुटलेला. काजू-बदामांच्या खुणा कोऱ्या राहिल्या. तिथेच मला कळलं की शेंगदाणा हा सुकामेव्यातला नव्हे, तूर-हरभऱ्याच्या कुळातला, त्यामुळे एकाची ॲलर्जी म्हणजे दुसऱ्याची असेलच असं नाही. तिला सगळ्या डाळी चालतात. काजू तर ती मूठमूठ खाते, आणि महिन्याचं बजेट बिघडवते.

इथे एक सांगून ठेवतो. आमचं ऐकून ओळखीतल्या एकांनी मुलाची 'शंभरहून जास्त पदार्थांची' रक्तचाचणी पॅकेजमध्ये करून आणली. त्यात गहू, तांदूळ, दूध, वांगं, सगळंच पॉझिटिव्ह आलं आणि पोराचं खाणं बंद झालं. पोरगा आधी हे सगळं मजेत खात होता. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं सरळ आहे. खाल्ल्यावर काही झालंय का ते आधी, चाचणी नंतर. रक्तात आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड, सापडलं म्हणजे शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली आहे, खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. आणि आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या ज्या चाचण्या विकतात त्यांना तर ॲलर्जीच्या निदानात जागाच नाही. आपल्याकडे खाण्याच्या खऱ्या ॲलर्जीचं प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा बरंच कमी आहे. म्हणूनच एका बाजूला असे रिपोर्ट खपतात, आणि दुसऱ्या बाजूला खरी ॲलर्जी असलेल्या पोरीचं सांगितलं की लोकांना नखरे वाटतात.

घरी आल्यावर आम्ही स्वयंपाकघर उपसलं. कुटाचा डबा, दाण्यांची बरणी, लाकडी पोळपाट-लाटणं, दगडी खलबत्ता हे सगळं गेलं. लाकडाच्या आणि दगडाच्या फटीत काय बसलंय ते घासून कळत नाही. बायकोने मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग सुरीच्या टोकाने उचकटली, आणि तिच्याखाली, रोज धुतल्या जाणाऱ्या त्या झाकणात, पिवळट कुटाचा एक घट्ट पट्टा गोल बसलेला होता. त्यातच आम्ही पोरीसाठी नाचणीचं सत्त्व फिरवत होतो. तेलाचंही तसंच. रिफाइन्ड शेंगतेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण हल्ली फॅशनमध्ये असलेल्या लाकडी घाण्याच्या तेलात ते राहतं. आमच्या पेठेत दर चार दुकानांआड घाणा लागलाय आणि 'शुद्ध, पारंपरिक, घाण्याचं' असं कौतुकाने सांगून लोक आम्हाला त्यातच तळलेलं देतात. आम्ही करडईवर आलो. सोलापूरची तेवढी एक खूण राहिली म्हणायची.

कुटाची जागा कशाने भरायची हा प्रश्न वाटला होता त्याहून सोपा निघाला. भाजीत तीळ भाजून, किंवा डाळ्याचं पीठ. कोशिंबिरीत खोबरं. चटणीला कारळं आणि जवस. अडलं ते एकादशीला. साबुदाण्याच्या खिचडीत डाळं घालावं तर माझी मावशी म्हणते, उपास मोडला. खोबरं घालावं तर खिचडी गोळा होते. शेवटी भोपळ्याच्या बिया कोरड्या भाजून, जाडसर भरड करून घातल्या. रंग जरा हिरवट येतो, पण चव चालते. मावशीने बियांना मंजुरी दिली. भोपळा उपासाला चालतो, मग त्याचं बी का नाही, हा युक्तिवाद माझा. इतका चांगला युक्तिवाद मी ऑफिसातही कधी केलेला नाही.

खाणं सांभाळणं जमतं. माणसं सांभाळणं अवघड. आमचा सगळ्यात मोठा शत्रू शेंगदाणा नाही, 'एवढंसं' हा शब्द आहे. 'एवढंसं खाल्लं तर काय होतंय की?' एका दाण्यात साधारण २०० मिलिग्रॅम प्रथिन असतं, आणि ॲलर्जी असलेल्या काही मुलांना त्याच्या शंभराव्या हिश्शानेही त्रास होऊ शकतो. शंभरावा हिस्सा म्हणजे काय? साबुदाण्याच्या वड्याचा झारा पुसून त्यानेच भजी काढली, तेवढं. लग्नात वाढप्याने कोशिंबिरीचा चमचा भातात घातला, तेवढं. हे मी प्रेमाने सांगतो, हसून सांगतो, आणि तरी एका लग्नात एक काका तिला बाजूला घेऊन चिक्कीचा तुकडा देताना सापडले. 'हळूहळू सवय करायची असते गं पोरांना,' असं ते वर बायकोलाच सांगत होते. थोडं थोडं देऊन सहनशक्ती वाढवायचे उपचार आहेत, नाही असं नाही. पण ते मिलिग्रॅम मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीत, ॲड्रेनालिन हाताशी ठेवून करतात. काकांच्या खिशातल्या चिक्कीने नाही.

तिला काही वर्षांत हे सुटेल का? दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची मोठेपणी जाते. शेंगदाण्याची साधारण पाचात एकाचीच जाते. आम्ही त्या पाचातल्या एकावर डोळा ठेवून आहोत, पण घर बाकीच्या चारांच्या हिशेबाने चालवतो.

लाल पाऊच हा आमच्या घरातला पाचवा माणूस. ती जिथे जाते तिथे तो जातो. त्यात ॲड्रेनालिनच्या दोन अँप्युल, म्हणजे काचेच्या बंद कुप्या, दोन सिरिंज, सुया, कापूस, आणि डॉक्टरांनी सही करून दिलेला कागद. परदेशात पेनासारखी इंजेक्शनं असतात, टोपण काढायचं आणि मांडीला दाबायचं. मला ते पुण्यात दुकानात मिळालं नाही. म्हणून डॉक्टरांनी अँप्युल आणि सिरिंजच शिकवली. डोस वजनावर, किलोला ०.०१ मिलिग्रॅम. तिचं वजन वीस किलो, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या एक मिलिलिटर अँप्युलमधलं ०.२ मिलिलिटर. सिरिंजवर त्या रेघेपाशी डॉक्टरांनी स्वतः लाल मार्करने खूण केली आहे, घाबरलेल्या माणसाने गणित करायचं नाही म्हणून. सराव मोसंब्यावर. अँप्युलची मान कापसात धरून पलीकडे मोडायची, सुई तळाशी न्यायची, ओढायचं, हवा काढायची, टोचायचं. पहिल्या दिवशी माझ्या हातात काच फुटली. आता बायको बोलता बोलता करते. एक नियम तिने फ्रिजवर लिहून लावला आहे. नुसत्या दोन गांधी आल्या तर थांबून बघायचं. अंग आणि पोट असं दोन ठिकाणी एकदम सुरू झालं, किंवा नुसता श्वासाचा त्रास जरी सुरू झाला, की पाऊच उघडायचं, तिला आडवं ठेवायचं (श्वास लागत असेल तर बसतं), १०८ लावायचा. आणि तिला उठवून चालवत न्यायचं नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पाऊचला थर्मासची पिशवी लागते. औषध उन्हाने आणि उजेडाने बाद होतं, आणि चाळिसाच्या पुढे पारा गेलेल्या गावात बंद गाडीत काहीच ठेवायची सोय नाही.

प्रवास आम्ही बराच काळ बंद ठेवला होता. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याहून निघालं की दौंड यायच्या आत डब्यात खारे दाणे, भेळ, उकडलेल्या शेंगा सुरू होतात. कुर्डुवाडीपर्यंत पायाखाली टरफलं. मला वाटायचं, नुसत्या वासाने काही झालं तर? डॉक्टरांनी हे फार छान सोडवलं. वास येतो तो उडून जाणाऱ्या रेणूंचा, त्यात प्रथिन नसतं, आणि ॲलर्जी प्रथिनाची. वासाने तिला मळमळेल, ती घाबरेल, पण ॲनाफिलॅक्सिस नुसत्या वासाने होत नाही. धोका हाताचा. सीटच्या दांड्याला हात, तोच तोंडात. आणि सॅनिटायझरने हे प्रथिन जात नाही, साबण-पाणी किंवा ओले वाइप लागतात. हे कळल्यापासून आम्ही पुन्हा हुतात्माने जातो. खिडकीची जागा, चढल्या चढल्या दांडा, खिडकी, समोरचं ट्रे-टेबल पुसायचं. शेजारचे प्रवासी बघतात. एका आजींनी विचारलं, 'सोवळं पाळता का?' मी हो म्हटलं. पुढचा सगळा प्रवास त्यांनी आमच्याकडे पाय केले नाहीत.

धाकट्याचं दुधाचं आणखी वेगळं. त्याला चौथ्या-पाचव्या महिन्यात वरचं दूध चालू केलं आणि त्याच दिवशी चेहरा लाल, उलट्या. तोवर आम्ही तयार होतो, त्यामुळे धावपळ कमी झाली. सल्ले मात्र जास्त आले. थोरलीच्या वेळी लोकांना काही सुचत नव्हतं. दुधाचं म्हटल्यावर प्रत्येकाकडे उपाय. 'गाईचं नको तर म्हशीचं द्या.' 'शेळीचं द्या, गांधीजी प्यायचे.' या तिन्ही दुधांतली प्रथिनं एकमेकांच्या इतकी जवळची असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीचंही चालत नाही. 'साजूक तूप म्हणजे काय दूध आहे का?' पूर्ण दूध नाही, पण थोडं प्रथिन खाली राहतं. बेरीवर तर विचारूच नका. सत्यनारायणाला सगळ्यात कठीण. तीर्थ म्हणून हातावर पंचामृत, प्रसाद म्हणून दुधा-तुपातला शिरा, आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. तिथे आम्हाला गुरुजींनीच वाट दाखवली. चौरंगावरचं नैवेद्याचं केळं काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, हाही प्रसादच. केळं या फळाचे आमच्या घरावर फार उपकार आहेत.

हल्ली डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याला भट्टीत भाजलेलं, पिठात मिसळलेलं दूध चालू केलंय, म्हणजे दूध असलेलं बिस्किट. भाजल्याने दुधातल्या प्रथिनांचा आकार बदलतो आणि दूध न सोसणाऱ्या बऱ्याच मुलांना ते सोसतं. पहिला तुकडा त्यांच्या दवाखान्यात, पुढचे घरी. बिस्किट जमलंय. पुढची पायरी केक, मग पराठ्यातलं दही, आणि सगळ्यात शेवटी पेल्यातलं दूध. कधी, ते त्याचं पोट ठरवेल.

आता गच्चीचं. थोरलीच्या वेळी लहानपणी दाणे न दिल्यानेच असं झालं का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला होता. त्या म्हणाल्या, एका मुलाबाबत असं सांगता येत नाही, आणि कुणाच्या माथी मारायचंही नाही. मग त्यांनी गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सांगितलं होतं की ज्या मुलांना धोका जास्त त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. त्याच वर्षी लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने दाखवलं की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट आहे. इस्राएलमध्ये बाळं दात यायच्या सुमारास बाम्बा नावाच्या शेंगदाण्याच्या कुरकुऱ्या चघळतात. मग त्यांनी ४ ते ११ महिन्यांची, तीव्र एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजणं, फुटणं) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली. निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत दाणे दिले, निम्म्यांना नाही. २०१५ मध्ये निकाल आला. न खाणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. एक कारण असं मानतात की फुटलेल्या, कोरड्या त्वचेतून दाण्याची धूळ आत गेली तर शरीर त्याला शत्रू समजतं, आणि तोंडातून गेली तर अन्न. थोरलीला लहानपणी कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागे एक्झिमा होता. धाकट्यालाही आहे.

म्हणून त्याची सहाव्या महिन्यात आधी त्वचेची चाचणी, मग दवाखान्यात पहिला चमचा. काही झालं नाही. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता सोडायचं नाही. त्या अभ्यासात बाळांना आठवड्याला ६ ग्रॅम प्रथिन, निदान तीन खेपांत, देत होते. अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो. अगदी बारीक कूट, गरम पाण्यात सैल करून किंवा फळात कालवून. मी बायकोकडे बघितलं, तिने माझ्याकडे. ज्या घरातून आम्ही झाकणाच्या रिंगखालचं कूट सुरीने काढलं, त्या घरात आता कूट परत आणायचं? ती म्हणाली, 'घरात नाही. गच्ची आहे ना.' कूट आईच सोलापुरात करते आणि हवाबंद बाटलीत पाठवते. बाटली वरच्या खोक्यातच राहते. माझ्या सोलापुरी जिवाला आठवड्यातून तीनदा तो वास मिळतो, आणि चमचा चाटायचा मोह मी दरवेळी आवरतो, कारण पुढच्या दहा मिनिटांत मला खाली जायचं असतं.

थोरलीला हे सगळं माहीत आहे. ती त्याला 'बाळाचं औषध' म्हणते. शाळेतून आली की त्याची पापी घ्यायच्या आधी विचारते, 'हा गेला होता का वर?' गेला असला तरी धुऊन-पुसून तास उलटलेले असतात, पण ती विचारते. आम्ही तिला कधी घाबरवलं नाही, विचारायला तेवढं शिकवलं. दुकानात पाकीट हातात आलं की उलटं करते. इंग्रजीत तिने सगळ्यात आधी वाचलेला शब्द 'पीनट'. आपल्याकडे २०२० च्या नियमांनी पाकिटावर ॲलर्जीच्या पदार्थांची नावं लिहिणं बंधनकारक आहे, शेंगदाणा त्यात आहे. पण 'असू शकतो' अशी सूचना द्यायची की नाही ते कंपनीच्या मनावर, आणि सुट्या फरसाणाला, बेकरीच्या खारीला, घरगुती लाडवांना पाकीटच नसतं. तिथे विचारणं हाच उपाय. ती दुकानदाराला विचारते, 'काका, याच्या कढईत आणखी काय तळता?' एक हलवाई इतका गडबडला की त्याने आतून मालकाला बोलावलं.

ॲलर्जीचा उपयोगही तिने शिकून घेतलाय. मध्यंतरी आमच्याकडे मोठ्या गंभीरपणे जाहीर झालं की तिला दोडक्याची ॲलर्जी आहे. लक्षणं काय? 'जीभ आत जाते.'

भोंडल्यात तर तिची चांदी असते. खिरापत झाकून ठेवायची आणि मुलींनी ओळखायची हा खेळ. पण कुठल्या घरी काय आहे हे आम्हाला आधी विचारून ठेवावं लागतं, त्यामुळे तिला रोज उत्तर माहीत. 'तिखट की गोड?' 'वाटीतलं की हातातलं?' म्हणून सगळ्या पोरी डोकं खाजवत असतात आणि ही ओठ घट्ट मिटून, सगळ्यांत मागे, गाल फुगवून उभी. बायकोने सांगितलं होतं, सांगायचं नाही, मजा जाते. दोन-तीन दिवस तिने पाळलं. मग खालच्या मजल्यावरची एक आई म्हणाली, तुमच्याकडची स्टिकर्स फार वाढलीत हल्ली. पोरगी एका स्टिकरला एक क्लू विकत होती.

शाळेचं एवढंच, की वाढदिवसाच्या दिवशी वर्गात काय वाटणार ते आदल्या दिवशी कळवा, ही आमची विनंती शाळेने दोनदा कागदावर घेतली आणि दोनदा विसरली. आता वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर आम्ही थेट विचारतो, आणि त्या आठवणीने सांगतात. बाईंकडे पाऊच आहे, कसं वापरायचं ते त्यांनी मोसंब्यावर शिकून घेतलंय. ते मोसंबं नंतर कुणी खाल्लं नाही.

दिवाळीला सोलापूरला जायचंय. आईचा फोन येऊन गेला. चिवड्यात दाण्यांऐवजी डाळं आणि खोबऱ्याचे काप, ते ठरलं. कढई नवी घेतली आहे, तीही तिने व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवली. बेसनाच्या लाडवांत तूप, म्हणजे ते थोरलीचे. रव्याचे करून त्यात नारळाचं दूध घातलं तर धाकट्याचे, पण रव्याचे लाडू तिला स्वतःला आवडत नाहीत, त्यामुळे ते ढकलगाडीवर आहे. चकलीवर अजून वाद चालू आहे. मोहन लोण्याचं घातलं तरच चकली खुसखुशीत होते, असं आईचं चाळीस वर्षांचं मत. मी म्हटलं, धाकटा चकलीला हात घालणारच, तेलाचं घाल. ती म्हणाली, थोडं लोणी, थोडं तेल? मी काही बोललो नाही. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, 'बरं, तेलाचंच. पण मग नरम पडली तर माझं नाव घ्यायचं नाही.'